हलवण्यापूर्वी खूण
(सदर : घरबसल्या विज्ञान)



मागच्या अंकातला ‘मृगजळ’ हा लेख बऱ्याच जणांना आवडला असं कळलं. दोन-तीन घरांतून अशीही फर्माईश आली की, आता मुलांना समजेल असं चुंबकाबद्दल काहीतरी लिहा. लिहायचं मनात होतंच, पण सुरुवात कुठून करावी हे सुचत नव्हतं. ते काम जानेवारीतल्या आमच्या वाळवंटातल्या सहलीनं केलं. त्यासाठी स्वतःची थोडी फजिती सांगावी लागणार आहे, पण इलाज नाही.

थंडीचे दिवस, शुक्रवारची सुट्टी. तीन गाड्या, सहा कुटुंबं, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, मुलांसाठी पतंग, असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही दम्मामपासून दोन-अडीच तासांवर वाळवंटात गेलो होतो. बरोबर एका मित्राच्या आई होत्या. अलिबागहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. त्यांना मधुमेह, आणि संध्याकाळची औषधं घरी राहिलेली. म्हणून उजेड असतानाच परत निघालो. मळलेली वाट लांबची, हायवे सरळ पूर्वेला आहे हे ठाऊक होतं, तेव्हा मी म्हटलं, मधूनच जाऊ. फोनला नेटवर्क नव्हतं. पण माझ्याकडे वडिलांचं जुनं पितळी होकायंत्र होतं. ते मी ऐटीत गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. खात्री करायला शेजारी मोबाइल ठेवून त्यातलंही होकायंत्र चालू केलं. दोघांचं बरंचसं जुळलं! मग शंका कशाला? दर पाच-सात मिनिटांनी थांबायचं, बॉनेटवर बघायचं, पुढे जायचं, असं सुरू झालं.

वीस-पंचवीस मिनिटांनी मागच्या सीटवरून आमची धाकटी म्हणाली, “बाबा, तुमच्या कंपासप्रमाणे सूर्य आज उत्तरेला मावळतोय.”

गाडीत शांतता पसरली. मी उतरलो, होकायंत्र हातात घेतलं आणि पंधरा-वीस पावलं वाळूत चालत गेलो. सुई सावकाश वळली आणि चांगली साठ-सत्तर अंश फिरून स्थिर झाली. गाडीच्या लोखंडानं तिला आपल्याकडे ओढून ठेवलं होतं. मोबाइलचीही तीच गत, शिवाय त्याच्या कव्हरला बंद करायचं लोहचुंबक. दोन साक्षीदार एकच साक्ष देत होते खरे, पण दोघांनाही पढवणारा एकच होता!

पुढे सूर्य पाठीशी ठेवून निघालो आणि अर्ध्या तासात हायवेला लागलो. आजी घरी वेळेत पोचल्या. रस्त्यात मी सुईला नावं ठेवत होतो, तर त्या म्हणाल्या, “अरे, तिला काय बोल लावतोस? ती बिचारी जवळच्याचं ऐकते.”

वाचकहो, चुंबकशास्त्राचा पहिला धडा याहून सोपा करून सांगता येणार नाही.

लेझीमचं पथक

लोखंडाचा साधा खिळा चुंबक का नसतो, आणि चुंबकाजवळ नेला की का होतो? लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. हे अणू गटागटानं राहतात. एका गटातले सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात, पण प्रत्येक गटाची दिशा वेगळी. गणपतीच्या मिरवणुकीआधी चौकात दहा लेझीम पथकं उभी आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक पथक आपापल्या परीनं रांगेत आहे, पण एकाचं तोंड देवळाकडे, दुसऱ्याचं बाजाराकडे. एकूण परिणाम शून्य. मग शिट्टी वाजते आणि सगळी पथकं एकाच बाजूला वळतात. चुंबक जवळ आणणं म्हणजे ही शिट्टी. साध्या मऊ लोखंडात शिट्टी थांबली की पथकं पुन्हा पांगतात. पोलादात मात्र बरीचशी वळलेलीच राहतात, म्हणून शिवणाची सुई चुंबकावर घासली की ती स्वतः चुंबक बनते.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, चुंबकाचे दोन तुकडे केले तर एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण ध्रुव असे वेगळे हाती लागत नाहीत. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही टोकं असतात. पथक मधोमध तोडलं तरी दोन्ही अर्ध्यांची तोंडं त्याच बाजूला राहणार. दुसरी, चुंबक खूप तापवला की त्याचं चुंबकत्व जातं. उष्णतेनं अणूंची इतकी धक्काबुक्की सुरू होते की रांगाच मोडतात. लोखंडाच्या बाबतीत हे सुमारे ७७० अंश सेल्सिअसला घडतं. निसर्गात सापडणारा चुंबकी दगड म्हणजे मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज, त्याच्या बाबतीत सुमारे ५८० अंशांना. हा ५८० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायाखालचं चुंबक

इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट यानं १६०० साली लिहून ठेवलं की पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. सुईचं उत्तरेचं टोक उत्तरेकडे ओढलं जातं, आणि विरुद्ध ध्रुवच एकमेकांना ओढतात. म्हणजे गंमत अशी की आपल्या पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे! मुलांना परीक्षेत हमखास चकवणारा प्रश्न.

पण पृथ्वीच्या पोटात काही पट्टीचुंबक पुरलेला नाही. तिथली उष्णता हजारो अंशांची, त्यात कुठलाही कायमचा चुंबक टिकणार नाही. सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा महासागर सुरू होतो. तो खालून वर ढवळला जातो आणि पृथ्वीबरोबर फिरतोही. वाहत्या धातूतून वीज वाहते, आणि विजेभोवती चुंबकत्व तयार होतं. हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवून दिलं होतं. थोडक्यात, आपल्या पायाखाली एक अखंड चालणारा डायनॅमो आहे. मात्र त्याचा जोर बेताचा. सौदीत काय किंवा महाराष्ट्रात काय, तो चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या थोडा पुढेमागे भरतो. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या फ्रिजवर चिकटवलेला साधा चुंबक त्याच्या जवळ शंभरपटीहून जोरदार असतो. म्हणूनच सुई दूरच्या पृथ्वीपेक्षा जवळच्या बॉनेटचं आधी ऐकते.

आणखी दोन बारकावे. एक, सुई बरोबर भौगोलिक उत्तर दाखवतेच असं नाही. या फरकाला ‘दिक्पात’ म्हणतात. मुंबईत तो जवळजवळ शून्य आहे, इकडे दम्मामला सुई तीनेक अंश पूर्वेकडे कलते. तीन अंश म्हणजे किरकोळ वाटेल, पण वाळवंटात वीस किलोमीटर चाललात तर एक किलोमीटर चुकाल. शिवाय हा फरक दर वर्षी थोडा बदलतो, कारण चुंबकीय ध्रुव फिरतीवर असतो. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसनं उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर भागात गाठला होता. तो तिथून सायबेरियाच्या दिशेनं निघाला आहे.

दुसरा बारकावा म्हणजे ‘नती’. सुई फक्त उत्तरेकडे वळत नाही, ती खालीही वाकते. दुकानातल्या होकायंत्रात वजनाची तडजोड करून ती आडवी ठेवलेली असते, म्हणून लक्षात येत नाही. कन्याकुमारीच्या आसपास सुई जवळपास आडवी राहते. मुंबईत ती वीस-तीस अंशांच्या दरम्यान वाकते, दम्मामला चाळीसच्या आसपास, आणि चुंबकीय ध्रुवावर सरळ खाली. विषुववृत्ताच्या खूप दक्षिणेला गेलात तर उत्तरेचं टोक उलट वर उचललं जातं. म्हणजे सुईचा कल पाहून आपण दक्षिणोत्तर कुठे आहोत याचा अंदाज बांधता येतो. हाही मुद्दा गाठीशी बांधून ठेवा.

होकायंत्राचं आणि या प्रदेशाचं नातं जुनं आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनचा राजा अल-अश्रफ यानं होकायंत्रावर ग्रंथ लिहिला आणि त्यात किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केची दिशा, कशी काढावी हे सांगितलं. त्याच्या थोडं आधी, १२८२ साली, बैलक अल-किबजाकी या लेखकानं नोंदवलं आहे की हिंदी महासागरात जाणारे तांडेल पाण्यावर तरंगणारा पोकळ लोखंडी मासा वापरतात. चुंबकानं भारलेला मासा तरंगत तरंगत उत्तर-दक्षिण होतो. आपल्या कोकणच्या बंदरांना लागणाऱ्या गलबतांवरही असे मासे तरंगले असतील.

कुलाबा ते अलिबाग

आता आजींच्या गावाला जाऊ. ते माझंही गाव. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं. दारातच मास्तरांनी किल्ल्या, पट्टे, चाकू सगळं काढून ठेवायला लावलं. कंपासपेट्यासुद्धा! कंपास बाहेर ठेवून आम्ही होकायंत्र बघायला आत गेलो, याचं तेव्हा फार हसू आलं होतं. त्यामागचं कारण कळायला वाळवंटातली ती संध्याकाळ उजाडावी लागली.

ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीनं उभारली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कारभार सांभाळला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारा माणूस चुंबकाच्या सुयांवरही लक्ष ठेवून होता. आणि तिथेच साहाय्यक म्हणून कामाला होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. ते मूळचे अलिबागजवळच्या नागावचे.

तेव्हा आपोआप नोंद करणारी यंत्रं नव्हती. माणसानं ठरल्या वेळी जायचं, दिव्याच्या उजेडात सुई किती हलली ते डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं. रात्रीसुद्धा. शांत दिवशी दिवसभरातला फरक शंभर नॅनोटेस्लाच्या आतच. म्हणजे बहुतेक दिवस काहीच घडत नाही. तरी लिहायचं.

आणि एके दिवशी घडतं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलनिरीक्षकाला सूर्याच्या डागांजवळ लख्ख प्रकाश दिसला. अठरा तासही झाले नसतील, तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन थडकलं. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. उत्तरेकडच्या बऱ्याच वेधशाळांत नोंद मापपट्टीबाहेर निघून गेली. कुलाब्यात मात्र कोणीतरी त्या दिवशीही सुई वाचत होतं आणि लिहीत होतं. चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळल्याची ती नोंद आहे. त्या वह्या जपून राहिल्या. २००३ साली अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना, एस. अलेक्स आदी शास्त्रज्ञांनी त्या उघडल्या आणि त्या वादळाचा जोर नव्यानं मोजला. आज हे का हवं? तर १३ मार्च १९८९ रोजी त्याहून लहान वादळानं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज घालवली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मधल्या वादळात लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. १८५९ इतकं मोठं वादळ पुन्हा आलं तर आपल्या वीजवाहिन्यांचं आणि उपग्रहांचं काय होईल, याचा हिशेब मांडताना जगाला अजूनही कुलाब्याच्या त्या वहीकडे वळावं लागतं. ती लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

मग मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. रुळांतून परतणारी वीज सुयांना नाचवणार, हे उघड होतं. म्हणजे आमच्या बॉनेटचाच प्रकार, फक्त शहराएवढ्या मापात! वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. त्या पदावरचे ते पहिले भारतीय संचालक. शहराला ट्राम नको असं त्यांना म्हणता येत नव्हतं, आणि साठ वर्षांची नोंद तोडणंही शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पण खरी मेख पुढेच आहे. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलं असतं तर जुने आकडे आणि नवे आकडे यांचं नातं कुणालाच कळलं नसतं. जागा बदलली की आकडाही बदलतो. बदल पृथ्वीत झाला की पत्त्यात, हे कसं ओळखणार? म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं गेलं. दोन्हींत फरक किती, हे नीट बांधून घेतलं आणि मगच कुलाब्याचं काम थांबलं. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. अलिबागचं काम आजही चालू आहे. म्हणूनच आज आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जुनी, मध्ये न तुटलेली मालिका आहे. जगात अशा मालिका मोजक्याच.

सह्याद्री कुठला?

अलिबागच्या त्या इमारतीत लोखंडाचा खिळा नाही हे समजण्यासारखं आहे. पण तिच्यासाठी दगडही थेट पोरबंदरहून आणला! कोकणात दगडाला काय तोटा? तोटा नाही, पण आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, स्वतःच चुंबक आहे. सगळा सह्याद्री चुंबक आहे म्हणा ना!

हे कसं झालं ते बघा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हजार-बाराशे अंश तापलेला लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या लाव्ह्यात मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे बारीक कण होते. थंड होता होता तो ५८० अंशांच्या खाली आला (आठवला का आकडा?) आणि त्या कणांतली लेझीम पथकं त्या क्षणीच्या पृथ्वीच्या शिट्टीप्रमाणे वळून उभी राहिली. आणि तशीच गोठली. आजतागायत.

१९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या जॉन क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांतली ही गोठलेली दिशा मोजली. १९५६ साली त्यांचा निबंध आला. दगडातली नती आजच्या महाराष्ट्राशी जुळेना. ती सांगत होती की हा लाव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थंड झाला आहे. आजच्या हिशेबानं सुमारे २५ ते ३० अंश दक्षिणेला. म्हणजे ज्या सह्याद्रीला आपण अढळ म्हणतो, तो जन्मला दक्षिण गोलार्धात आणि पुढे सगळ्या भारतासकट उत्तरेला सरकत सरकत इथे आला. खंड सरकतात ही गोष्ट तेव्हा बऱ्याच विद्वानांना पटत नव्हती. ती पटवून देण्यात आपल्या घाटातल्या दगडांचाही वाटा आहे.

त्या दगडांत आणखी एक नवल निघालं. घाटातल्या खालच्या बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण चक्क उलटी आहे, महाबळेश्वरच्या बाजूच्या वरच्या थरांत सुलटी. पृथ्वीचा डायनॅमो अधूनमधून ध्रुवांची अदलाबदल करतो. शेवटची अदलाबदल पावणेआठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास झाली. अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची डोंगररांग आहे. तिथे तळ फाटतो, नवा लाव्हा वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. म्हणून तळावर उलट-सुलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात. याच रांगेवरची मोजमापं हाताशी घेऊन फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली समुद्राचा तळ कसा पसरतो ते मांडलं. आपला शेजारी तांबडा समुद्रही असाच रुंदावतो आहे, वर्षाला साधारण एक-दीड सेंटिमीटर. म्हणजे अरबस्तान आफ्रिकेपासून दूर निघालं आहे. मदिनेजवळच्या काळ्या लाव्ह्याच्या मैदानात १२५६ साली उद्रेक झाला होता. तिथल्या दगडांतही त्या सालची उत्तर दिशा गोठलेली असणार.

शोकेसमधला दगड

आमच्या घरी शोकेसमध्ये अलिबागच्या आमच्या परसातला एक काळा दगड आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी गावचं घर विकलं तेव्हा आठवण म्हणून आणलेला. हे सगळं ऐकल्यावर धाकटीनं तो काढला आणि होकायंत्राजवळ नेला. सुई जराशी हलली, एक-दोन अंश. दगड फिरवला, सुई दुसरीकडे हलली. पोरगी खूश!

मग तिनं विचारलं, “बाबा, हा दगड कुठे जन्मला ते आपण मोजू शकतो?”

मी म्हटलं, “नाही गं. भूवैज्ञानिक दगड काढण्याआधी, तो जागच्या जागी असतानाच, त्याच्यावर बाण काढतात. उत्तर कुठे, वर कुठलं, खाली कुठलं. मगच तो उचलतात. खूण न करता उचलला की त्याच्या आतली दिशा तशीच राहते, पण ती कशाच्या संदर्भात वाचायची हे कायमचं हरवतं.”

“मग तुम्ही उचलताना खूण का नाही केलीत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घर विकायच्या घाईत कुणाला सुचतं?

हे सगळं पाल्हाळ लावण्याचं कारण आता सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं फायनल एक्झिट घेऊन गेली. कोणी पुण्याला, कोणी कॅनडाला. यंदाही चार घरं आवरली जात आहेत. मंडळाचे जुने अंक, हिशेबाच्या वह्या आणि फोटो एका घरातून दुसऱ्या घरात खोक्यांतून फिरत असतात. सध्या ती खोकी आमच्याकडे आहेत. परवा उघडली. शेकडो फोटो. गणपती, हळदीकुंकू, नाटकाच्या तालमी, खाडीकाठच्या सहली. बहुतेकांच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. ना नाव, ना साल. चेहरे आहेत, हसू आहे, पण कोण, कुठे, केव्हा, हे सांगणारं माणूस एक्झिट घेऊन गेलं. खूण न करता उचललेले दगड!

जाणाऱ्याला थांबवता येत नाही. मूस यांनाही ट्राम थांबवता आली नव्हती. पण त्यांनी हलण्याआधी दोन वर्षं दोन्हीकडे मोजलं. आपल्याला एक संध्याकाळ पुरेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी ती खोकी घेऊन येतो. जी घरं यंदा निघाली आहेत त्यांनी जरूर यावं, आणि येताना एक मऊ पेन्सिल आणावी. शाईचे डाग फोटोच्या दुसऱ्या बाजूला उमटतात. आजीही येणार आहेत, त्यांचा व्हिसा अजून महिनाभर आहे.

मुलांसाठी तीन प्रयोग

१. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकावर, एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा. बूच किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या वाडग्यात तरंगवा. उत्तर-दक्षिण होईल. मग जवळ स्टीलचा डबा आणून बघा, सगळेच डबे सुईला सारखे ओढतात का?

२. लांब जाड सुईला बरोबर मध्यावर दोरा बांधा आणि ती आडवी राहील अशी टांगा. आता दोरा न हलवता ती चुंबकावर घासा आणि पुन्हा टांगा. उत्तरेचं टोक खाली झुकतं. हीच नती.

३. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इथल्या वाळूतून फिरवा. काळे कण थोडेच लागतील. सुट्टीत रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत हाच प्रयोग करा आणि फरक लिहून ठेवा. कुठली वाळू, कुठला किनारा, कुठली तारीख, हे आधी लिहा, मग पिशवी उचला.